डब्यावर लिहिलंय '५ अंश', आत मात्र २७! नागपूरच्या उन्हात गाडीतला फ्रिज घेताना काय बघायचं?

३० मे २०२४. नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर तापमानाचा आकडा आला ५६ अंश सेल्सिअस. स्क्रीनशॉट फिरले, मीम्स आले, बाहेरगावच्या नातेवाइकांचे 'जिवंत आहात ना' असे मेसेज आले. मग हवामान विभागानं खुलासा केला की त्या केंद्राचा सेन्सर बिघडला होता. शहरातल्या इतर ठिकाणी पारा ४४ च्या आसपास होता.

ही जुनी बातमी आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरात आलेला एक डबा. त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, '५ अंशांपर्यंत थंड'. सेन्सर बिघडलेला नव्हता, डबाही नवाकोरा होता. पण हा आकडा कुठे, कोणत्या हवेत मोजला, हे आम्ही विचारलंच नाही.

प्लॅन साधा होता. मे महिन्यात दोन दिवस चिखलदरा. नागपूरहून अमरावती, परतवाडामार्गे सव्वादोनशे किलोमीटर. सोबत दूध, दही, मॅरिनेट केलेलं चिकन आणि बाबांचं इन्सुलिन. ऑनलाइन एक 'कार फ्रिज' मागवला, गाडीच्या सॉकेटला लावला आणि निघालो. अमरावतीच्या पुढे जेवायला तासभर थांबलो. परत येऊन थर्मामीटर आत ठेवला तर आकडा २७. आईचा हात दह्याच्या डब्यावर आणि तोंडातून एकच वाक्य, "बाप्पा, हे तं आपल्या माठाएवढंही थंड नाही!"

आई अगदी बरोबर होती. का, ते पुढे येईलच.

आधी नावाचा घोळ

नागपुरात 'कूलर' म्हटलं की खिडकीत बसवलेला, ताट्यांवर पाणी पडणारा तो खोका डोळ्यासमोर येतो. ऑनलाइन मात्र कूलर, आईसबॉक्स, कार फ्रिज, मिनी फ्रिज ही नावं वाटेल तशी वापरली जातात. प्रत्यक्षात बाजारात तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत.

पहिली म्हणजे आईसबॉक्स. जाड भिंतींचा डबा, आत बर्फ आपण टाकायचा. विजेचा संबंध नाही. दुसरी म्हणजे थर्मोइलेक्ट्रिक डबा, जो 'कार फ्रिज' म्हणून सगळ्यात जास्त विकला जातो. तिसरा कम्प्रेसरवाला, म्हणजे घरच्या फ्रिजचंच लहान भावंड, फक्त १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारं.

सगळा गोंधळ दुसऱ्या आणि तिसऱ्यात होतो. फोटोत दोघं सारखेच दिसतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक: ढोबळमानाने एक पाच ते दहा हजारांत येतो, दुसरा वीस हजारांच्या आसपास सुरू होऊन पन्नासच्या पुढे जातो. स्वस्तातला डबा बघून आपल्याला वाटतं, काय डील मिळाली!

१८३४ सालचा शोध आणि आपला मे महिना

थर्मोइलेक्ट्रिक डबा ज्या तत्त्वावर चालतो ते ज्याँ पेल्टिए या फ्रेंच माणसानं १८३४ मध्ये दाखवलं. हा गृहस्थ आधी घड्याळं बनवायचा. दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज सोडली की एक बाजू थंड होते आणि दुसरी गरम. आजच्या डब्यात धातूंच्या जागी सेमीकंडक्टरची बिस्किटाएवढी चपटी पट्टी असते. तिची थंड बाजू आत, गरम बाजू बाहेर, आणि ती गरमी फेकायला एक पंखा. विजेची दिशा उलटी केली की तोच डबा आत गरम करतो. म्हणून त्यावर 'हॉट-कोल्ड' असं बटण असतं. (ते चुकून 'हॉट'वर राहिलं तर काय होतं, हे ज्यांचं चॉकलेट वितळलंय त्यांना विचारा.)

यात फिरणारा कम्प्रेसर नाही, गॅस नाही, आवाज कमी, वजन कमी. सगळं छान आहे. पण या पट्टीला एक मर्यादा आहे. असा डबा आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशांनीच खाली नेऊ शकतो. खोक्यावरचा ५ अंशांचा आकडा बहुतेक वेळा बाहेर २५ अंश असताना मोजलेला असतो. तशी ओळ बारीक अक्षरात खाली असतेही.

आता गणित करा. जानेवारीच्या दुपारी नागपुरात बाहेर २८ असतील तर आत १० च्या आसपास. चालून जातं. नवतप्यात बाहेर ४५ असतील तर आत २७. डबा मोडलेला नाही, तो त्याचं काम चोख करतोय. फक्त २७ अंशांना दूध टिकत नाही.

म्हणूनच 'एकदम मस्त चालतो, पाच स्टार' असा रिव्ह्यू वाचला की तो कुठून आणि कोणत्या महिन्यात लिहिलाय ते बघा. बेंगळुरूतल्या माणसाचा खरा अनुभव नागपुरात खोटा ठरू शकतो.

बाजू दोन्ही सांगायच्या तर, गाडी चालू आहे, एसी जोरात आहे आणि केबिनमध्ये २५ अंश आहेत, तेव्हा हाच डबा ७-८ अंशांपर्यंत जाऊ शकतो, तेही वस्तू घरूनच थंड करून ठेवल्या असतील तर. घोळ होतो तो गाडी थांबल्यावर. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत चावी बंद केली की सॉकेटही बंद होतं. आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत मे महिन्यात पारा ६० च्या वर सहज जातो. आमचं तेच झालं.

मग माठ का जिंकला?

विदर्भातलं ऊन कोरडं आहे. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठ, वाळ्याच्या ताट्या, खिडकीतला कूलर, सगळे याच एका गोष्टीवर चालतात. बाहेर ४५ अंश आणि हवा अगदी कोरडी असेल तर माठातलं पाणी २५ च्या आसपास उतरू शकतं. म्हणजे फुकटात जवळपास तेवढंच, जेवढं आमच्या त्या डब्यानं बॅटरी खाऊन दिलं.

जुन्या लोकांना छागल आठवत असेल. कॅनव्हासची पाण्याची पिशवी, जीपच्या पुढे किंवा रेल्वेच्या खिडकीबाहेर लटकवलेली. वारा लागला की पाणी गार. आजही फक्त पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असेल तर बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळा, सावलीत वारा लागेल अशी ठेवा, काम होतं. पावसाळा सुरू झाला आणि हवा दमट झाली की ही जादू संपते. कोकणात तर मे महिन्यातही फारशी चालत नाही.

पण दूध, चिकन, मासे यांना गार पाण्याएवढं तापमान पुरत नाही. शिजवलेलं किंवा नासणारं अन्न ५ अंशांच्या खाली नाहीतर ६० च्या वर ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात, आणि आपली सगळी मे महिन्याची हवा त्याच पट्ट्यात आहे. शिजवलेलं अन्न साध्या खोलीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा सल्ला असतो. ४० च्या वरच्या उन्हात एक तासच धरा. सावजी मटण डब्यात भरून सकाळी निघायचं आणि दुपारी तीनला खायचं, हा बेत म्हणूनच धोक्याचा.

बर्फ: जुना, स्वस्त आणि अजूनही दमदार

एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यावरून थेट ८० अंशांपर्यंत तापलं असतं. इतकी ताकद त्या ढेकळात असते, म्हणून चांगला आईसबॉक्स कमी लेखू नका. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कोलकात्याला पोचलं तेव्हा त्यातला १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. वीज नाही, फ्रिज नाही. मोठमोठ्या लाद्या एकमेकींना चिकटवून रचायच्या आणि भोवती उष्णता अडवणारा जाड थर द्यायचा, एवढंच तंत्र.

त्यातल्या दोन्ही गोष्टी आपल्याही कामाच्या. मोठी लादी हळू वितळते, कारण तिचा हवेला लागणारा पृष्ठभाग कमी असतो. क्यूब चटकन वितळतात. आणि डब्याची भिंत जेवढी जाड, तेवढं बरं. दुकानात गेलात तर झाकण उघडून बघा. बऱ्याच स्वस्त आईसबॉक्सच्या भिंतीत फोम असतो, पण झाकण पोकळ असतं. झाकणाला रबराची कड आहे का, बंद केल्यावर हलतं का, कुलूपबंद कडी आहे का, हे तपासा. कडी फक्त थंडाव्यासाठी नाही. चिखलदऱ्याला किंवा पेंचच्या सिल्लारी गेटजवळ माकडांनी डबा उघडून ब्रेडचा पुडा पळवणं यात काही नवल नाही.

'४८ तास बर्फ टिकतो' हा दावाही त्याच चष्म्यातून वाचायचा. बर्फ शून्य अंशाला असतो. बाहेर २५ असतील तर फरक २५ अंशांचा, बाहेर ४५ असतील तर ४५ चा. उष्णता जवळपास पावणेदोन पटीनं आत शिरणार. दोन दिवसांचा बर्फ मग एका दिवसापेक्षा थोडा जास्त टिकेल.

सगळ्यात मोठी चूक मात्र आपण घरीच करतो. गरम बाटल्या बर्फात टाकतो. एकेक लिटरच्या सहा बाटल्या ४० अंशांवरून ५ वर आणायच्या तर त्यातच अडीच किलोच्या वर बर्फ संपतो. म्हणजे पाच किलोची लादी आणली असेल तर अर्धी बुट्टीबोरीच्या पुढे जायच्या आत गेली. म्हणून बाटल्या, दूध, दही आदल्या रात्री घरच्या फ्रिजमध्ये. रिकाम्या आईसबॉक्समध्येही रात्रीच थोडा बर्फ टाकून त्याच्या भिंती थंड करायच्या. सकाळी तो बर्फ फेकून नवा भरायचा. अर्धा डबा किंवा त्याहून जास्त जागा बर्फाला द्या. आतल्या फटी टॉवेलनं किंवा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्यांनी भरा. बाटली पूर्ण भरून गोठवू नका, फुटते. या बाटल्यांचा फायदा असा की वितळल्या की प्यायला पाणी तयार.

जमत असेल तर दोन डबे ठेवा. एकात थंड पेयं, ज्याचं झाकण पोरं दर दहा मिनिटांनी उघडणार. दुसऱ्यात दूध, मांस, औषध, जो फक्त स्वयंपाकाच्या वेळी उघडायचा. दोन साधे डबे असं वागवले तर एका महागड्या डब्यापेक्षा जास्त कामाला येतात, असं माझं मत झालंय.

बर्फ विकत घेताना रंग बघा. महाराष्ट्रात २०१८ पासून नियम आहे: खाण्यायोग्य बर्फ रंगहीन, आणि फक्त वस्तू थंड ठेवण्यासाठीचा बर्फ निळसर असला पाहिजे. निळी लादी बंद डब्यांभोवती ठेवायला चालेल, ग्लासात टाकायला नाही. आणि वितळलेलं पाणी कोणत्याही बर्फाचं असो, त्यात उघडी भाजी किंवा चिकनची पिशवी तरंगत ठेवू नका. सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात.

औषधाचं गणित वेगळं आहे

हा भाग घाईत वाचू नका. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन किंवा बाटली बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांपर्यंत साधारण चार आठवडे चालते. नेमकी मुदत प्रत्येक प्रकाराची वेगळी, ती सोबतच्या कागदावर असते. म्हणजे ४५ अंशांची हवा आणि ६० अंशांचा डॅशबोर्ड दोन्ही बाद. पण उलटी चूकही तेवढीच वाईट: इन्सुलिन गोठलं की फेकून द्यायचं. वितळल्यावर ते दिसायला बरं वाटेल, पण त्याच्या असराचा भरवसा उरत नाही. घाबरून बर्फाच्या लादीला चिकटवून ठेवलेलं इन्सुलिन असंच जातं. कुल्फीवाल्यासारखं बर्फात मीठ टाकलं तर तापमान शून्याच्याही बरंच खाली जातं, म्हणून औषधाच्या डब्यात मीठ अजिबात नको.

हे नीट कसं करायचं ते आपल्याच गावागावांत रोज चालतं. लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविकेच्या खांद्याला जो निळा डबा असतो, तो व्हॅक्सिन कॅरिअर. मेळघाटापासून भामरागडपर्यंत लस याच डब्यातून जाते. आत चार आईसपॅक असतात, कम्प्रेसर नाही, बॅटरी नाही. पण फ्रीजरमधून काढलेले पॅक ती लगेच डब्यात भरत नाही. ते बाहेर ठेवते, वर पाण्याचे थेंब जमू देते, कानाजवळ हलवून आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो का ते बघते. आवाज आला म्हणजे पॅक बरोबर शून्यावर आलाय, आता तो लस गोठवणार नाही. हिपॅटायटिस बी, धनुर्वात यांच्या लसी गोठल्या की वाया जातात, म्हणून ही काळजी.

आपणही तेच करायचं. जेल पॅक थोडा वेळ बाहेर, मग सुती रुमालात गुंडाळून डब्यात. इन्सुलिन वेगळ्या छोट्या डबीत, बर्फाला थेट न लागता. शेजारी दोनशे-तीनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर. दोन दिवसांच्या सहलीला बहुतेकांना वापरातलं एक पेन आणि एक जादाचं पुरतं. त्यासाठी रुंद तोंडाचा चांगला थर्मास किंवा औषधांची छोटी इन्सुलेटेड पिशवी पुरेशी आहे, आणि गाडीतून उतरलात की ती खांद्याला. बाबांचं पेन त्या दिवशी वाचलं ते याचमुळे: जेवायला उतरताना त्यांनी ते सवयीनं खिशात घातलं होतं. जादाचं पेन मात्र डब्यातच राहिलं होतं. परत आल्यावर डॉक्टरांना विचारलं आणि ते टाकून दिलं. तुमच्या औषधाबद्दल निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचाराच.

कम्प्रेसर कधी घ्यायचा?

४५ अंशांतही आत ४ अंश, आणि आईस्क्रीम गोठलेलं ठेवायचं असेल तर उणे १८, हे फक्त कम्प्रेसरच करू शकतो. तोच आहे याची खात्री कशी करायची? वर्णनात 'थर्मोइलेक्ट्रिक' किंवा 'सेमीकंडक्टर' शब्द असेल तर तो नाही. गॅसचं नाव, म्हणजे आर-१३४ए किंवा आर-६००ए असं काही लिहिलं असेल तर तो आहे. वीसेक लिटरचा डबा हातात घेऊन चार-पाच किलोचाच लागला, तर आत कम्प्रेसर नाही हे समजा.

मग हवामानाची श्रेणी बघा. फ्रिजवर एक छोटं अक्षर असतं. 'एन' म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, 'एसटी' म्हणजे ३८ पर्यंत (लाल परीशी संबंध नाही), आणि 'टी' म्हणजे ४३ पर्यंत. आपल्याला 'टी' हवा. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते, म्हणजे 'टी'वालाही कधीकधी धापा टाकणार. त्याला सावलीत ठेवा, जाळीसमोर हात-दीड हात जागा मोकळी सोडा. सामानाखाली गाडून ठेवलेला कम्प्रेसर आपलीच गरमी परत ओढत बसतो.

खरी अडचण विजेची आहे. छोट्या कारची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते, आणि गाडी चालू व्हायची असेल तर ती अर्ध्याखाली उतरवू नये. थर्मोइलेक्ट्रिक डबा न थांबता ५०-६० वॅट खातो, कारण बाहेर ४५ असताना त्याला 'झालं थंड' असं कधी वाटतच नाही. बंद गाडीत चार तासांत त्यानं अर्धी बॅटरी संपवली. कम्प्रेसरही चालताना ४५ वॅटच्या आसपास घेतो, पण तो चालू-बंद होत राहतो, म्हणून सात-आठ तास निघतात. रात्रभरासाठी तेही काठावरच. खिंडसीच्या काठी पहाटे गाडी स्टार्ट न होणं गमतीचं वाटेल, पण जंगलातल्या नेटवर्क नसलेल्या रस्त्यावर ते गमतीचं नसतं.

म्हणून कम्प्रेसर घेताना त्यात बॅटरी वाचवणारा कटऑफ हवाच. त्याच्या हाय, मीडियम, लो अशा पायऱ्या असतात. गाडीच्या बॅटरीवर चालवताना 'हाय' ठेवा, म्हणजे फ्रिज लवकर बंद पडेल आणि गाडी सुरू होईल. रात्री मुक्काम असेल तर वेगळं पॉवर स्टेशन घ्या. ५०० वॅट-अवरचं असेल तर असा फ्रिज पंधराएक तास चालतो. ते लिथियमचं असतं, उन्हातल्या बंद गाडीत ठेवून फिरायला जायचं नाही. म्हणजे फ्रिज, पॉवर स्टेशन मिळून खर्च पन्नास हजारांच्या पुढे सहज जातो. महिन्यातून दोनदा बाहेर पडणारे, नागपूर ते लडाख असा मोठा पल्ला मारणारे, किंवा घरात कायम थंड ठेवावं लागणारं औषध आहे, अशांना तो पैसा वसूल होईल. वर्षातून दोन वेळा पेंच आणि एकदा चिखलदरा करणाऱ्यांनी दोन-तीन हजारांचा जाड भिंतीचा आईसबॉक्स घ्यावा.

आम्ही शेवटी तेच केलं. पण त्याआधी 'कार फ्रिज' परत पाठवायला गेलो तर मुदत दोन दिवसांपूर्वीच संपली होती. तुम्ही काहीही घेतलंत तरी सहलीची वाट बघू नका. खोकं आलं त्याच आठवड्यात, दुपारी दोन वाजता, डबा गच्चीवर सावलीत ठेवा. आत फ्रिजमधलं थंड पाणी भरलेल्या दोन बाटल्या आणि थर्मामीटर. चार तासांनी आकडा वाचा, फोटो काढा. ८ च्या वर गेला असेल तर पावती शोधा.